रुग्णवाहिकेतील पहिली दहा मिनिटे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण, किरकोळ फेरफारासह)



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वानांची, न्यायाधीशांची, उद्योगपतींची भाषणे आपण ऐकलीत. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या आमच्यासारख्या माणसास येथे उभे करण्याचे धाडस चिटणिसांनी का केले, हे आम्हांस ठाऊक आहे. मंडळाच्या निधीतून एक रुग्णवाहिका विकत घेऊन ती लोकार्पण करावी, असा ठराव आजच्या सभेपुढे यावयाचा आहे. चिटणीस आम्हांस म्हणाले, "तुमचे सारे दिवस त्या गाडीत जातात. तुम्ही दोन शब्द बोला, म्हणजे वर्गणीला जोर येईल." दोन शब्द बोलण्यास आमची ना नाही. वर्गणीला जोर येईल, अशी हमी मात्र आम्ही दिलेली नव्हती आणि आजही देत नाही.

आणखी एक खुलासा. आम्ही बोलताना 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. रुग्णवाहिकेत एकट्याचे असे काही नसते. एक वैद्यक जाणणारा आणि एक चालक, ज्याला आमच्या खात्यात पायलट म्हणतात, अशी ही जोडी. तो गाडी हाकतो, स्ट्रेचर उचलतो, आणि वेळ आली तर आमच्या जोडीने छातीही दाबतो. यापुढे जे सांगू त्यातले चांगले ते दोघांचे आहे. चुका बहुतेक आमच्या आहेत.

रुग्णास वाहून नेणारी गाडी ही कल्पना तशी जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यात लारे नावाचा शल्यवैद्य होता. जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत रणांगणावरच पडून राहतात आणि गाड्या येतात तोवर पुष्कळसे दगावतात, हे पाहून त्याने हलक्या, वेगवान घोडागाड्या थेट रणात नेल्या. पण आमच्या मते त्याचे मोठेपण गाडीत नाही. कोणास आधी उचलावयाचे, याचा त्याने नियम घालून दिला: ज्याची जखम भारी तो आधी, मग तो सेनापती असो की साधा शिपाई, आपल्या बाजूचा असो की शत्रूचा. दोन शतके उलटली, तरी आमचे सारे शास्त्र या एका वाक्यावर उभे आहे.

आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ सालच्या जानेवारीत सुरू झाली. आरंभी ९३७ गाड्या होत्या; त्यांपैकी २३३ गाड्यांत हृदयाला विजेचा धक्का देण्याचे यंत्र आणि इतर प्रगत साधने होती, उरलेल्या ७०४ गाड्यांत प्राथमिक उपचारांची. आम्ही जेथे काम केले तो भाग कोकणातला, मुंबई-गोवा महामार्गालगतचा, घाटाच्या पायथ्याचा. पावसाळ्यात दरड, उन्हाळ्यात लग्नसराईचे अपघात, आणि बारमाही साप.

आता फोन येतो तेव्हा काय घडते ते सांगतो. फोनवर कळते ते बहुधा एवढेच, की 'माणूस पडला आहे, लवकर या.' पडला म्हणजे झाडावरून पडला, चक्कर येऊन पडला की पिऊन पडला, हे तेथे पोहोचेपर्यंत उमगत नाही. पोहोचल्यावर आम्ही प्रथम रुग्णाकडे पाहत नाही, आजूबाजूला पाहतो. लोकांना याचा राग येतो. "अहो, माणूस मरतो आहे आणि हे तारा कसल्या बघताहेत!" असे आम्ही कैक वेळा ऐकले आहे. पण तुटलेली वीजवाहिनी ओल्या जमिनीवर पडली असेल, तर धावत जाणारा पहिला मनुष्य हाच दुसरा रुग्ण होतो. जुन्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला एक बेशुद्ध झाला, त्याला काढावयास भाऊ उतरला, भावाला काढावयास शेजारी उतरला, आणि तिघेही गेले, अशा वार्ता आपण दर वर्षी वाचतो. तळाशी साचलेला वायू दिसत नाही, आणि माया आंधळी असते.

जागा निर्धास्त आहे असे दिसले की मग दारातूनच रुग्णावर नजर टाकावयाची. ही पहिली नजर म्हणजे आमच्या विद्येचा निम्मा भाग होय. आम्ही विचारतो, "काका, काय होतंय?" काकांनी एका दमात सांगितले, की "काही नाही हो, पोटात दुखतंय, ही उगाच घाबरली आहे," तर त्या एका वाक्यात आम्हांस चार गोष्टी कळल्या. घसा मोकळा आहे. छाती पुरेशी हलते आहे. मेंदूला रक्त पोहोचते आहे. आणि काकूंवर रागावण्याइतकी शुद्ध शिल्लक आहे. पण तेच काका दोन शब्द बोलून श्वास घेत असतील, पुन्हा दोन शब्द आणि पुन्हा श्वास, तर पिशवी उघडण्याआधीच पायलट प्राणवायूचा सिलिंडर आणावयास वळलेला असतो.

यानंतर ठरलेला क्रम. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताचे वाहणे, मग शुद्ध, आणि शेवटी अंगावरचे कपडे दूर करून सर्वांगाची तपासणी. हा क्रम कोणा शास्त्र्याने मुहूर्त पाहून लावलेला नाही. कशाने माणूस किती लवकर मरतो, यावरून तो ठरला. श्वासाची वाट बंद झाली तर चार-पाच मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. मोडलेले हाड तासभर थांबू शकते. अपवाद एकच: धमनीतून उसळून रक्त वाहत असेल तर तेथे हात आधी दाबावयाचा, बाकी सर्व नंतर. अपघाताच्या जागी गर्दीचे लक्ष नेहमी ओरडणाऱ्याकडे असते. आम्ही मात्र आधी गप्प पडलेल्याकडे जातो. जो ओरडतो त्याचा घसा आणि छाती शाबूत आहेत, एवढे तरी ओरडण्यावरून निश्चित होते.

श्वासाच्या वाटेविषयी थोडे विस्ताराने बोलावयास हवे, कारण घरातील माणसांच्या हातून सर्वांत अधिक घात येथेच होतो, आणि तोही प्रेमापोटी. बेशुद्ध मनुष्य उताणा निजला की त्याची जीभ सैल होऊन मागे घशावर पडते. मग घर्रघर्र असा आवाज येऊ लागतो. घरचे म्हणतात, "घोरताहेत, गाढ झोप लागली आहे, उठवू नका." ती झोप नव्हे, ती अर्धी बंद झालेली वाट आहे. दोन बोटांनी हनुवटी वर उचलली आणि डोके किंचित मागे झुकवले की पुष्कळदा तो आवाज तत्काळ थांबतो. श्वास चालू असेल आणि पडण्या-आपटण्याचा प्रकार नसेल, तर रुग्णास कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडते. यासाठी ना औषध लागते, ना यंत्र. आणि पाणी! आपल्याकडे मूर्च्छित माणसाच्या तोंडात पाणी घालण्याची फार घाई. कोणी गंगाजल आणते, कोणी साखरपाणी, कोणी कांदा नाकाशी धरते. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. गंगाजलाविषयी आमच्या मनात यत्किंचितही अनादर नाही, पण फुप्फुसाला त्यातला फरक कळत नाही.

श्वास मोजावा तो घड्याळ लावून. प्रौढाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास ठीक. तीसच्या वर गेले की धोका. हल्ली बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे चिमट्यासारखे यंत्र घरोघर आले आहे, विशेषतः २०२० च्या साथीपासून. यंत्र चांगलेच आहे. पण बोटे गार पडली असतील, नखांना रंग असेल, तर ते फसवते, आणि बंद खोलीतल्या धुराने गुदमरलेल्याचा आकडा ते चक्क उत्तम दाखवते. सबब यंत्राकडे पाहावे, पण त्याआधी माणसाकडे पाहावे. नाडीचेही तसेच. तरुणाच्या पोटात रक्तस्राव होत असला तरी त्याचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. मग एकाएकी कोसळतो. त्याआधी नाडी वेगाने पळू लागते, हातपाय गार होतात, नख दाबून सोडले तर त्याचा गुलाबी रंग परतण्यास दोन सेकंदांहून अधिक लागतात. रक्तदाबाचा आकडा चांगला आहे म्हणून जो निर्धास्त राहिला तो फसला.

आता शुद्धीविषयी, आणि त्यानिमित्ताने आमच्या एका चुकीविषयी. शुद्ध मोजण्याची सोपी रीत अशी: मनुष्य आपण होऊन जागा आहे काय, नसल्यास हाकेला ओ देतो काय, नसल्यास चिमट्याला हलतो काय, की कशालाच नाही. ग्लासगोच्या दोघा डॉक्टरांनी १९७४ साली याहून बारकाईचे कोष्टक सिद्ध केले. डोळे, बोलणे आणि हालचाल मिळून ३ ते १५ गुण. ते जगभर चालते, आम्हीही वापरतो. पण कोष्टक शुद्ध किती हरपली ते सांगते, का हरपली ते सांगत नाही.

एका आठवडी बाजारच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चाळिशीचे एक गृहस्थ बडबडत बसले होते. अंग घामाने निथळत होते. हात धरू गेलो तर त्यांनी मारावयास हात उगारला. भोवतालचे लोक हसत होते. "रोजचाच आहे, प्यायलेला आहे." तोंडाला दारूचा वासही होता. आम्ही ते मानले. दमदाटी करून त्यांना गाडीत निजवले आणि निघालो. अर्धी वाट सरल्यावर, केवळ नोंदवहीतला रकाना भरावयाचा म्हणून, बोटाला टोचून साखर पाहिली. ती २८ होती. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली म्हणतात. ते मधुमेही होते, सकाळी औषध घेतले होते आणि बाजाराच्या गडबडीत जेवले नव्हते. शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत ते उठून बसले आणि अत्यंत सभ्यपणे त्यांनी आपल्या चपलांची चौकशी केली. चपला बाजारातच राहिल्या होत्या. गृहस्थ बचावले, पण साखरेवाचून मेंदू फार काळ तग धरीत नाही, आणि त्यांची वीस मिनिटे आम्ही लोकांच्या हसण्यावर विश्वासून घालवली. पुढे कळले, की ते आपल्याच ज्ञातीतले. याच मंडळातील एका वडीलधाऱ्यांनी आम्हांस विचारले, "आपला माणूस तुम्हांला ओळखता आला नाही?" साखर ओळखली नाही ही आमची चूक, ती आम्ही मान्य करतो. ज्ञात ओळखली नाही ही चूक नव्हती. त्या दिवसापासून शुद्ध हरपलेला, बरळणारा, फिट आलेला कोणीही असो, पहिल्या पाच मिनिटांत बोट टोचल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.

छातीत दुखण्याच्या बाबतीत उशीर आमच्याकडून क्वचित होतो, आपल्या घरांतून फार होतो. आणि येथे स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी. शिकल्या-सवरलेल्या एका घरात यजमानांना पहाटे चारला छातीवर दडपण आले, घाम सुटला. घरात ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. सहा वाजता पुण्याच्या मुलाला फोन केला. "मी आल्यावर ठरवू" असे मुलाने सांगितले. आम्हांस बोलावणे आले ते साडेनऊला. आम्ही काढलेल्या आलेखात झटका उघड दिसत होता. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावावयास दिली, योग्य रुग्णालयास आधी कळवले. पण तोवर साडेपाच तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो मेला. यजमान हयात आहेत. दोन जिने चढून या सभागृहात येणे मात्र त्यांना जमत नाही. मुलाचा दोष आम्ही मानीत नाही. मोठा निर्णय कर्त्या पुरुषाने घ्यावा, ही आपली रीत, आणि कर्ता पुरुष दीडशे किलोमीटरवर होता. बायकांच्या आणि मधुमेह्यांच्या बाबतीत तर छाती दुखतेच असे नाही. नुसती धाप, नुसता घाम, नुसते ओकारल्यासारखे होणे. त्या बिचाऱ्या तर कोणाला सांगतही नाहीत. अर्धांगाचा झटकाही असाच घड्याळाशी बांधलेला. तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोबडे बोलू लागले, तर मेंदूतील गाठ विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावयाचे असते, आणि तेही मेंदूचे चित्र काढून झाल्यावर. म्हणून आम्ही खोदून विचारतो, की मनुष्य धडधाकट असा शेवटचा कितीला पाहिला. "सकाळी" हे उत्तर आमच्या कामाचे नाही.

आता हृदय एकाएकी बंद पडते, त्या प्रसंगाविषयी. उघड्या हातांनी छाती दाबून रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तिघांनी १९६० साली जगापुढे मांडले. १९६६ साली बेलफास्टच्या डॉ. पॅन्ट्रिज यांनी विजेचा धक्का देणारे यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून थेट रुग्णवाहिकेत बसवले. ते सुमारे सत्तर किलो वजनाचे होते. आज ते एका हाताने उचलता येते. पण एक हिशेब तेव्हा होता तोच आजही आहे. हृदय नुसते थरथरत असताना छाती दाबली नाही, तर धक्का देऊन ते परत चालू होण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. आमची गाडी पंधरा मिनिटांत पोहोचली तर घाटात आम्ही स्वतःची पाठ थोपटतो. आता वजाबाकी आपणच करा.

एका मंगल कार्यालयात आम्ही चौदा मिनिटांत पोहोचलो होतो. वधूचे मामा पंगतीत वाढता वाढता कोसळले होते. भोवती चाळीसजण तरी असतील. तिघेजण पंख्याने वारा घालीत होते, एकजण तळपाय चोळीत होता, दोघे फोनवर चित्रण करीत होते. छातीला कोणाचाही हात लागलेला नव्हता. "श्वास चालू होता हो, मध्येच आचका देत होते," असे आम्हांस सांगण्यात आले. तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर मेंदूचा तळ काही मिनिटे असे आचके देववतो, आणि लोक त्यालाच जीव आहे म्हणून थांबतात. यंत्रावर सरळ रेघ होती. आम्ही अर्धा तास झटलो.

याच्या उलट एक प्रसंग एस.टी.च्या थांब्यावरचा. तेथील एका वाहकाने कोठल्याशा शिबिरात एकदाच पुतळ्यावर सराव केला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तो घामाने चिंब होऊन मोठ्याने आकडे मोजीत एका अनोळखी प्रवाशाची छाती दाबीत होता. खाकी सदऱ्याची बटणे तुटलेली. आम्ही दुसरा धक्का दिला आणि हृदय धरले. रुग्णालयात नेईतो रुग्णाने डोळे उघडले. त्याला कोणी वाचवले असे विचाराल, तर आम्ही नव्हे.

कोकणात राहून सापाविषयी बोललो नाही, तर गाववाले रुसतील. विंचवाच्या दंशाने येथे पूर्वी मुले पटापट जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून ते चित्र पालटले. त्यांचा २०२२ साली पद्मश्रीने गौरव झाला, हे आपण जाणताच. सापांत नाग, घोणस, फुरसे यांचा दंश कळतो, दुखते, सुजते. मण्यार मात्र रात्री अंथरुणात येते आणि चावल्याचे कळतही नाही. एका श्रावणात पहाटे आम्ही अकरा वर्षांच्या मुलाकडे गेलो. जमिनीवर निजला होता. पोटात दुखते, उलट्या होतात, म्हणून आजीने सुंठ दिली होती. खूण कोठेही नव्हती. पण त्याला वर बघ म्हटले तर पापण्या वर जाईनात. झोपेने जड झाल्या म्हणावे तर मूल जागे होते. पायलट हलकेच म्हणाला, "डॉक्टर, मण्यार."

गाडीत वीस मिनिटांत त्याचा श्वास उथळ झाला, मग थांबला. यापुढे उपचार म्हणजे मुखवट्याला जोडलेली रबरी पिशवी. दर तीन-चार सेकंदांनी एकदा दाबावयाची, छाती उचलली की सोडावयाची, की पुन्हा दाबावयाची. घाईने दाबली तर हवा पोटात जाते. पायलटला वळणे होती. पिशवी आमच्याकडे होती. विषावरची लस रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यावयाची असते. वाटेत आमच्या हाती फक्त श्वास होता. पन्नास मिनिटे लागली. आजी शेजारी बसून रडत होती, "गेला गं माझा बाळ." मूल निपचित, डोळे उघडेनात, बोट हलेना. पुढे ते बरेच दिवस कृत्रिम श्वासावर होते आणि चालत घरी गेले. महिन्याने भेटावयास आले, तेव्हा आम्हांस म्हणाले, "आजीला मी सांगत होतो, मी गेलो नाही म्हणून. पण तोंड हलत नव्हतं." मण्यारीचे विष स्नायू बांधते, मेंदूला हात लावीत नाही. त्याने सारे ऐकले होते. तेव्हापासून गाडीत बेशुद्ध दिसणाऱ्या माणसासमोर आम्ही बोलताना फार जपतो. आपणही जपावे. आणि दंश झालेल्या अंगावर करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नयेत, मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नये. लाकडी पट्टी बांधून ते अंग हलू न देता निघावे.

काहीजण विचारतात, की रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल काय? आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना १९८९ सालीच बजावले. मदत करणाऱ्यास त्रास देऊ नये, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू नये, या नियमांना २०१६ साली त्याच न्यायालयाने बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. भीती आता नुसती सवयीची उरली आहे.

आता ठरावाकडे वळतो. आमच्या काही सभासदांना हे रुचणार नाही, तरी सांगणे भाग आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६७ पर्यंत रुग्णास पोलिसांच्या गाडीतून किंवा प्रेतवाहकांच्या गाडीतून नेत. गाड्यांना तोटा नव्हता. आत उपचार जाणणारा कोणी नव्हता. त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून, जगाने बेकार आणि निरुपयोगी ठरवलेल्या तरुणांना निवडून, डॉ. पीटर साफार यांनी महिनोन्‌महिने शिकवले. 'फ्रीडम हाउस' नावाची ही रुग्णवाहिका-सेवा. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलीन त्यांच्या प्रमुख झाल्या. आज जगभर रुग्णवाहिकेत जे काम चालते त्याचा पाया घालणाऱ्यांत ही मुले होती. शहराने १९७५ साली ती सेवा आपल्या ताब्यात घेतली आणि त्यांतील बहुतेकांना पुढे तेथे टिकू दिले गेले नाही, हा त्या कथेचा कडू शेवट. पण गाडी आणि माणूस यांत महत्त्वाचे काय, याचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे.

आपला निधी किती आहे ते आम्हांस ठाऊक आहे. त्यात गाडी येईल. पुढे वर्षाचे ८,७६० तास. एक मनुष्य रजा-सुट्ट्या वजा जाता वर्षाकाठी फार तर तेवीसशे तास काम करील. म्हणजे एका जागेसाठी चार माणसे, दोन जागांसाठी आठ. आठजणांचे पगार, डिझेल, प्राणवायू, मुदत संपणारी औषधे, विमा. याची तरतूद ठरावात आम्हांस दिसली नाही. देणगीदारांची नावे गाडीच्या कोणत्या बाजूस रंगवावयाची, याची मात्र तपशीलवार योजना आहे. दान केलेल्या रुग्णवाहिका धर्मशाळांच्या मागे, चाके बसलेल्या, आत गवताचे भारे ठेवलेल्या, आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नावे अजून वाचता येतात.

दुसरा प्रश्न याहून नाजूक. गाडी आलीच, आणि एकाच वेळी दोन फोन आले, एक ज्ञातिबांधवाचा आणि एक परक्याचा, तर ती कोठे जाईल? ठरावात 'प्राधान्याने समाजबांधवांसाठी' असे शब्द आहेत. ते शब्द काढल्याशिवाय या खात्यातील कोणीही शपथेला जागणारा मनुष्य त्या गाडीत बसणार नाही. आम्ही तर नाहीच.

आमची उपसूचना अशी. गाडी घेऊ नये. त्याऐवजी याच सभागृहात विजेचा धक्का देणारे एक स्वयंचलित यंत्र बसवावे, ते कोठे आहे ते दारावरच लिहावे. प्रत्येक सभासद कुटुंबातील दोघांस, त्यांतील एक स्त्री असावी, वर्षातून एकदा छाती दाबणे, कुशीवर वळवणे, रक्त थांबवणे शिकवावे. कारण दुपारी घरी कोण असते ते आपण जाणता. आणि उरलेल्या व्याजातून रुग्णवाहिकेचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या दोन मुलांस, ती कोणत्याही ज्ञातीची असोत, दर वर्षी शिष्यवृत्ती द्यावी. मतदान जेवणानंतर आहे.

पंगत बसण्यास अद्याप पाऊण तास आहे, असे आचाऱ्याकडून कळते. मागच्या ओसरीवर सतरंजी अंथरून दोन पुतळे ठेवले आहेत. आमचा पायलट तेथे थांबला आहे. हाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर सरळ, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावयाची. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून पाळी बदलावयाची. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाकावर बसून आकडे मोजावेत. पैठणी चुरगळेल म्हणून मागे राहणाऱ्या भगिनींसाठी आम्ही स्वच्छ चादरी आणल्या आहेत. चिटणीस, आपण प्रथम यावे.